प्रदीप भिडे सर, थँक्यू!

भिडे सर, नमस्कार. तुम्ही दूरदर्शनवर बातम्या वाचायचात, मी घरी बसून ऐकायचो, आपली भेट कधी झाली नाही. ७ जून २०२२ ला तुम्ही गेलात तेव्हा मी पण सगळ्यांसारखं 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, पण तुमचं देणं त्यापेक्षा बरंच जास्त आहे म्हणून आज जरा नीट लिहितोय.

मी निवेदनाची कामं करतो, म्हणजे लग्नं, सत्कार, उद्घाटनं, कधीकधी शोकसभा पण. क्लास वगैरे काही केला नाही. संध्याकाळी मुंबई दूरदर्शनच्या बातम्या लागल्या की टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, तुमचा आवाज टेप करायचा आणि नंतर तोच मजकूर तुमच्यासारखा म्हणून बघायचा, हाच माझा क्लास. (आईला तिथेच बातम्या वाचणारे अनंत भावे जास्त आवडायचे, त्यावरून घरात वाद!)

आधी मला वाटायचं सगळी कमाल आवाजाचीच आहे. म्हणजे आवाज तर होताच, उगाच का इतक्या जाहिराती आणि माहितीपट तुमच्याकडे यायचे. पण ती कॅसेट परत परत ऐकल्यावर कळलं की तुम्ही थांबता कुठे ते बघायला पाहिजे. तेव्हा टीव्हीवर मराठी बातम्या म्हणजे दूरदर्शनच, १९९३ मध्ये मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप, पण मागे ढँण ढँण म्युझिक नाही की कोणी किंचाळत नाही. तुमचं तर मेलेल्यांचा आकडा सांगताना पण पट्टी तीच, वाक्य पूर्ण झालं की किंचित थांबणार, आणि तेवढ्यात आमच्या घरात कोणीतरी "अरे देवा" म्हणणार. रडायचं काम तुम्ही आमच्यावर सोडलेलं होतं. रानडे इन्स्टिट्यूटला पत्रकारिता शिकलेला माणूस, बातमी आधी स्वतःला समजल्याशिवाय असं वाचता येत नाही हो.

शोकसभेत मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. आयोजक सांगतात जरा इमोशनल करा, मी फक्त गेलेल्या माणसाचं नाव नीट, पूर्ण घेतो आणि थांबतो. नंतर घरचे येऊन हात धरतात, ते खरं तुमच्यामुळे सर.

आणि सह्याद्रीवाले कोणी हे वाचत असतील तर प्लीज, भिडे सरांची जुनी बातमीपत्रं जी काही जपलेली असतील ती आख्खी यूट्यूबवर टाका, नुसत्या क्लिप नकोत. माझ्याकडे निवेदन शिकायला दोन पोरं येतात, त्यांना माझी नक्कल ऐकवण्यापेक्षा ओरिजिनल ऐकवलेलं बरं.