बेळगावच्या सरकारी रुग्णालयात गुणसूत्रांची प्रयोगशाळा हवी: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
कर्नाटक राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी बेळगावातला प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे आणि माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे आनुवंशिकी शिकवण्यात गेली. पत्र मराठीत लिहिले आहे. त्याची कन्नड प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. बेळगावहून मराठीत पत्र आले की वाचणारा त्यात आधी सीमाप्रश्न शोधतो, म्हणून सुरुवातीलाच सांगतो की या पत्राचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. मागणी एकच आहे: बेळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आम्ही ज्याला अजूनही ‘सिव्हिल’ म्हणतो तिथे, ब्लड कॅन्सरच्या रुग्णांची गुणसूत्रे आणि जनुके तपासणारी प्रयोगशाळा कायम पदांसह असावी, आणि तिथल्या माणसांना तपासणीबरोबर संशोधनही करता यावे.

मागणीच्या समर्थनार्थ आकडेवारीऐवजी एका शास्त्रज्ञ बाईंची कारकीर्द आपल्यापुढे ठेवतो. जॅनेट राउली यांनी १९४८ मध्ये शिकागो विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. तिथे प्रवेश मिळायलाही त्यांना थांबावे लागले होते, कारण ६५ जणांच्या वर्गात मुलींसाठी ठेवलेल्या तीन जागा आधीच भरल्या होत्या. लग्न झाले, चार मुलगे झाले, आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी आठवड्यातून काही दिवसच काम केले, तेही बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या दवाखान्यात. अशा मुलांतल्या डाउन सिंड्रोम या जन्मजात विकारात एक गुणसूत्र जास्तीचे असते हे १९५९ मध्ये सिद्ध झाल्यावर त्यांचे लक्ष गुणसूत्रांकडे वळले. पतीच्या रजेच्या निमित्ताने ऑक्सफर्डला राहून त्या थोडेफार तंत्र शिकल्या आणि परत आल्यावर शिकागोतल्या रक्तविकार विभागाच्या प्रमुखांकडे त्यांनी अर्धवेळ काम मागितले. प्रमुखांनी त्यांना एक सूक्ष्मदर्शक, बसायला जागा आणि बेताचा पगार दिला.

मंत्रिमहोदय, आपल्या खात्याने विचार करावा असे मला वाटते ते इथेच. त्यानंतरची दहा वर्षे त्या ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, रुग्णांच्या काचपट्ट्या पाहत राहिल्या, आणि ज्याने नाव व्हावे असे त्या काळात फारसे काही हाती लागले नाही. गुणसूत्रांतले बिघाड हे कर्करोगाचे कारण नसून परिणाम आहेत, असे तेव्हा बहुतेक तज्ज्ञ मानत होते. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे दर अकरा महिन्यांनी कराराचे नूतनीकरण आणि वर्षाअखेर ‘फलनिष्पत्ती’चा तक्ता असता, तर ते काम तिसऱ्या वर्षीच बंद पडले असते.

१९७० च्या सुमारास क्विनाक्रिन या रंगद्रव्याने गुणसूत्रांवर पट्टे उमटवण्याची पद्धत आली. ती ऑक्सफर्डलाच शिकून आल्यावर राउली रुग्णांच्या गुणसूत्रांचे फोटो घरी नेऊ लागल्या आणि जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापून त्यांच्या जोड्या लावू लागल्या. आई कागदाच्या बाहुल्या खेळते आहे, अशी मुले थट्टा करायची. १९७२ मध्ये एका प्रकारच्या ल्युकेमियात त्यांना ८ आणि २१ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली दिसली. त्याच वर्षी त्यांनी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या हळू वाढणाऱ्या प्रकाराकडे पाहिले. या आजारात २२ क्रमांकाचे गुणसूत्र आखूड असते, हे पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी फिलाडेल्फियात १९६० मध्येच दाखवले होते, आणि तुटलेला तुकडा नाहीसा झाला असे सगळे धरून चालले होते. राउलींना तो तुकडा ९ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या टोकाला जोडलेला आढळला. हा निष्कर्ष १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला.

ऐंशीच्या दशकात इतर गटांनी त्या जोडाच्या जागी बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुके एकत्र आलेली दाखवली. या जोडजनुकापासून बनणारे प्रथिन पांढऱ्या पेशींना सतत वाढत राहण्याचा हुकूम देत असते. त्या प्रथिनालाच अडवणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत मे २००१ मध्ये मंजूर झाली आणि जो आजार काही वर्षांत माणसाला संपवायचा, तो रोज गोळी घेऊन सांभाळता येण्याजोगा झाला. आपल्या देशात मूळ कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला लाखाच्या वर जात होता. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी त्या कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळल्यामुळे देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. राउली त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारल्या.

गोळी स्वस्त झाली, पण ती कोणाला द्यायची आणि लागू पडते आहे की नाही, हे सांगणारी तपासणी आमच्या भागातल्या गरिबाच्या आवाक्यात आलेली नाही. गोळी सुरू करण्याआधी जोडजनुक आहे याची खात्री करावी लागते; नंतर साधारण दर तीन महिन्यांनी रक्तात त्याचे प्रमाण किती उतरले हे मोजावे लागते, आणि ते उतरत नसेल किंवा पुन्हा चढत असेल तर औषध बदलण्याचा निर्णय वेळेत घ्यावा लागतो. माझ्या ओळखीचा, खानापूर तालुक्यातला एक ट्रॅक्टरचालक गोळी नियमाने घेतो, पण तपासणी मात्र ऊस गेल्यावर हातात पैसे येतील तेव्हा करतो. डॉक्टर रागावतात, आणि त्यांचेही बरोबर आहे.

पहिल्या निदानाच्या वेळचा प्रकार याहून त्रासाचा असतो. कमरेच्या हाडातून जाड सुईने मगज (बोन मॅरो) काढतात आणि तो गोठू नये म्हणून हेपॅरिन घातलेल्या हिरव्या टोपणाच्या नळीत भरतात. गुणसूत्रे पाहायची तर त्यातल्या पेशी जिवंत राहायला हव्यात, कारण प्रयोगशाळेत त्या एक-दोन दिवस वाढवून, विभाजनाच्या ऐन मध्यावर औषधाने थांबवून, फुगवून, काचेवर थेंब टाकून आणि रंगवून मगच वीसेक पेशींतली गुणसूत्रे एकेक करून तपासली जातात. एप्रिल-मेच्या उन्हात ती नळी कुरियरच्या खोक्यात मोठ्या शहराकडे जाते, मध्ये रविवार येतो, आणि काही दिवसांनी उत्तर येते की पेशींची वाढ झाली नाही, नमुना पुन्हा पाठवावा. पुन्हा म्हणजे पुन्हा तीच सुई. माझ्या नात्यातल्या एका मुलीच्या बाबतीत असे झाले तेव्हा चूक कोणाची हे कोणालाच सांगता आले नाही, आणि मलाही इथे कोणाकडे बोट दाखवायचे नाही. इतक्या लांबच्या वाटेवर जिवंत पेशी पाठवायच्या तर हे कधी ना कधी होणारच.

शिवाय एक प्रकार असा आहे की तिथे दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो. प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते, हेही राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९७७ मध्ये दाखवले. रेटिनॉइक आम्ल आणि आर्सेनिक या औषधांनी आज हा आजार बहुतेकांत पूर्ण बरा होतो, पण सुरुवातीच्या दिवसांतच रक्तस्राव होऊन रुग्ण दगावू शकतो. जाणकार डॉक्टर नुसत्या संशयावर औषध सुरू करतात, तेच योग्य आहे. परंतु ते चालू ठेवायचे की नाही हे जनुक-तपासणीनेच ठरते आणि ती दुसऱ्या दिवशी हातात असली पाहिजे.

अशी प्रयोगशाळा म्हटले की अधिकारी कोट्यवधींच्या यंत्रांची यादी काढतात. मी तशी यंत्रे मागत नाही. पेशी वाढवण्याची पेटी, चांगले सूक्ष्मदर्शक, जनुकाच्या प्रती वाढवून ते ओळखणारे पीसीआरचे यंत्र, थंड साठवण आणि खंड न पडणारी वीज, एवढ्यावर सुरुवात होते. महाग असते ते माणसाचे डोळे तयार करणे, कारण गुणसूत्रावरचा पट्टा सरकला आहे हे बिनचूक ओळखायला वर्षे जातात. असा माणूस तयार होताच त्याचा करार संपवणे, ही सरकारी पैशाची उधळपट्टीच आहे. त्या माणसांना शिकायला बेंगळुरूच्या किडवई कर्करोग संस्थेत किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात पाठवता येईल.

माणसे इथे आहेत. राणी चन्नम्मा विद्यापीठातून दरवर्षी प्राणिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी होणाऱ्यांत मुलींची संख्या मोठी असते. त्यांतल्या हुशार मुली पुण्याला किंवा बेंगळुरूला जातात, आणि ज्यांना जाता येत नाही त्या लग्नानंतर निपाणीत, चिकोडीत, हुक्केरीत ट्यूशन घेतात. आठवड्यातून तीन दिवसांचे, पण कायम आणि निवृत्तिवेतनाचे पद आपल्या नियमांत बसत नाही असे मला एका अधिकाऱ्याने सांगितले. तसे असेल तर नियम बदलावा. घर सांभाळून तीन दिवस सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्या बाईने काय साधले, ते वर लिहिलेच आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की एक शास्त्रज्ञ, दोन तंत्रज्ञ आणि निदान एक अर्धवेळ संशोधन-पद या प्रयोगशाळेसाठी पुढच्या अर्थसंकल्पात कायम मंजूर करावे, बेळगावबरोबर बागलकोट आणि विजापूरच्या सरकारी रुग्णालयांतले नमुनेही इथे विनाशुल्क घ्यावेत, आणि प्रत्येक रुग्णाच्या गुणसूत्रांची नोंद, नाव वगळून, संशोधनासाठी जपून ठेवावी. हिवाळी अधिवेशनासाठी आपण इथल्या सुवर्णसौध या विधानभवनात याल तेव्हा अर्धा तास दिलात, तर खर्चाचा आराखडा आणि जागेचा नकाशा घेऊन मी हजर राहीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक,
टिळकवाडी, बेळगाव