इंडक्शन पुन्हा सुरू झालं!

लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्या काकांचे आणि माझ्यामागे रांगेत असलेल्या ताईचे मनापासून आभार. दोघांची नावं ठाऊक नाहीत, म्हणून इथे लिहितेय.

पावसाळा लागला तसं आमच्या इंडक्शनचं पॅनल बिघडलं. हात न लावता 'प्लस' दाबलं जायचं आणि पॉवर थेट 2000 वॅटवर! सर्व्हिसवाल्यांनी अख्खं बोर्ड बदलायला सांगितलं होतं. काकांनी आधी मोठा कपॅसिटर डिस्चार्ज केला. "प्लग काढला तरी यात करंट राहतो, घरी कधी आत हात घालू नका हं," असं बजावलं. मग एकेका बटणाला मल्टिमीटर (जोडणी पूर्ण असली की बीप वाजवणारं मोजयंत्र) लावला. 'प्लस'खालचा चिमुकला मायक्रोस्विच न दाबताच मीटर बीप करायला लागला, म्हणजे बिघाड त्या स्विचमध्येच होता. दमट हवेनं तो आतून गंजला होता. तो काढून त्यांनी नवा सोल्डर केला, शिवाय रिबन केबलची टोकं ब्रशनं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून स्वच्छ केली. तेवढा वेळ ताई स्वतःचं काम बाजूला ठेवून मोबाइलचा टॉर्च धरून उभी होती! कोण करतं हो इतकं?

काकांनी पैसे फक्त स्विचचे घेतले, मजुरी घेतलीच नाही. काका, ताई, तुमचे उपकार विसरणार नाही.