आयसीयूच्या रात्रपाळीतल्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पुण्यात बाबांची बायपास झाली त्या रात्री तुम्ही ड्युटीवर होतात.

बाबांच्या रक्ततपासणीत ट्रोपोनिन आय तीन हजारांच्या पुढे गेलं होतं आणि त्याच रिपोर्टवर वरची मर्यादा छापलेली होती 26. ऑपरेशन छान झालं असं सर्जन सांगून गेले होते, तर भाऊ मोबाइलवर वाचत होता की ट्रोपोनिन वाढणं म्हणजे हार्ट अटॅक. ‘काळजी करू नका’ एवढंच म्हणून तुम्ही आत गेला असतात तरी आमची तक्रार नव्हती. पण तुम्ही बाकड्यावर बसलात आणि रिपोर्ट हातात घेतलात.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं. बाबांच्या ऑपरेशनमध्ये महाधमनीला क्लॅम्प लावून, कार्डिओप्लेजिया म्हणजे हृदय थांबवणारं द्रावण देऊन ते थांबवलं होतं, टाके घालून पुन्हा सुरू केलं होतं. एवढं सगळं सोसल्यावर आकडा जवळजवळ प्रत्येकाचाच चढतो. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसासाठीची 26 ची रेषा इथे लावायचीच नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आईने पहिल्यांदा पाणी मागितलं.

मग कुठली रेषा लावायची? 2022 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या, 13,862 पेशंटांच्या अभ्यासाबद्दल तुम्ही बोललात. बायपास किंवा महाधमनीची झडप बदलल्यानंतर पहिल्या दिवसात 5,670 च्या पुढे, म्हणजे त्या मर्यादेच्या 218 पट आकडा गेला, तेव्हा महिन्याभरातल्या मृत्यूचा धोका स्पष्ट वाढलेला दिसला होता. आकडा एकटा काही ठरवत नाही, ईसीजी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही बघावी लागते, हेही तुम्ही सांगितलंत. बाबांचा ईसीजी बदलला नव्हता, इकोत हृदयाच्या भिंती नीट हलत होत्या.

तरीही तुम्ही आम्हाला खोटा धीर दिला नाहीत. “पुढचे आकडे उतरायला हवेत. चढले तर मी सरांना झोपेतून उठवणार,” असं म्हणालात. त्या रात्री मला सगळ्यात जास्त आधार याच वाक्याचा वाटला, कारण कुणीतरी खरंच लक्ष ठेवून आहे हे कळलं. आकडे उतरले.

आणखी एका गोष्टीसाठी हे पत्र. डिस्चार्ज कार्डावर तुम्ही ट्रोपोनिनचे सगळे आकडे तारीख-वेळ घालून लिहिले होते. घरी आल्यावर बाबांच्या छातीत दुखायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी तपासणी केली तर ट्रोपोनिन अजून मर्यादेच्या वरच. सीके-एमबी, म्हणजे हृदयाच्या इजेनंतर रक्तात वाढणारा दुसरा घटक, दोन-तीन दिवसांत खाली येतो, ट्रोपोनिन मात्र आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त रेंगाळतं. कार्डावरचा शेवटचा आकडा पाहून त्यांनी काही तासांनी पुन्हा रक्त घेतलं आणि ईसीजी काढला. आकडा उतरतीवरच होता, दुखत होती ती कापलेली छाती. दोन लॅबचे किट वेगळे असले तर आकडे सरळ ताडून बघता येत नाहीत, म्हणून ते दोनदा तपासायचं म्हणाले. पण तुमचं ते कार्ड नसतं तर ॲम्ब्युलन्सने रातोरात पुण्याला पाठवलं असतं, हेही त्यांनीच सांगितलं.

प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर हे आकडे असावेत असं मला मनापासून वाटतं. पुढच्या फॉलोअपला येऊ तेव्हा बाबांना तुम्हाला स्वतः भेटायचं आहे.

तुमच्या पेशंटची मुलगी