रोमला पायी: मित्रास पत्र

पुणे,
18 नोव्हेंबर

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र हाती आले तेव्हा आम्ही नुकतेच घरी पोहोचलो होतो आणि सुमनच्या पायाला अजून पट्टी होती, म्हणून उत्तराला उशीर झाला. स्पेनमधील सांतियागोची प्रसिद्ध यात्रेची वाट सोडून आम्ही रोमची वाट का धरली, माळकऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसांनी ख्रिस्ती यात्रेच्या मार्गावर काय म्हणून चालावे, आणि साठी उलटलेल्या नवराबायकोला हे झेपते का, असे तू विचारले आहेस. या प्रश्नांना फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. तुम्ही दोघांनीही ही वाट चालावी असे मला मनापासून वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या वाटेला विया फ्रांचीजेना म्हणतात. इसवी सन 990 मध्ये इंग्लंडमधील कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक हा पोपच्या हातून पालियम, म्हणजे आपल्या पदाची खूण असलेली पांढऱ्या लोकरीची पट्टी, स्वीकारण्यासाठी रोमला गेला. परतीच्या प्रवासातील मुक्कामांची यादी त्या वेळी लिहून ठेवली गेली. रोमपासून इंग्लंडसमोरच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 80 ठिकाणांची नुसती नावे एकाखाली एक लिहिलेली आहेत. वर्णन नाही, तक्रार नाही, कौतुक नाही. ते हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि आज लोक चालतात तो सुमारे 2000 किलोमीटरचा मार्ग मुख्यतः त्या यादीच्या आधारे पुन्हा आखलेला आहे. तुझे वडील माउलींच्या पालखीचे मुक्काम सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण असे एका दमात म्हणून दाखवीत, ते मला आजही ऐकू येते. मुक्कामांची नावे टिकली की वाट टिकते, हे मला लहानपणी त्यांच्यामुळे कळले होते. म्हणूनच सिजेरिकच्या यादीविषयी पहिल्यांदा वाचले, तेव्हाच ही वाट आपली वाटली.

सांतियागोच्या वाटेविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु 2024 या एका वर्षात जवळजवळ पाच लाख माणसांनी तिथे पोहोचून प्रमाणपत्र घेतले, आणि इतक्या गर्दीत संध्याकाळच्या खाटेसाठी सकाळपासून घाई करणे आमच्या स्वभावात बसले नसते. रोमच्या वाटेला युरोपच्या परिषदेने 1994 साली सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली असली, तरी तिथे दिवसच्या दिवस दुसरा यात्रेकरू भेटत नाही. आपल्या पासपोर्टावर शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते, आणि कँटरबरीपासून निघालो असतो तर आमच्या चालीला ते अपुरेच पडले असते. म्हणून आम्ही आल्प्समधील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीपासून रोमपर्यंतचा, सुमारे 1000 किलोमीटरचा टप्पा घेतला. ऑगस्टच्या अखेरीस खिंडीत बर्फ नसते, पुढे सपाटीवर भात पिकत आलेले असते आणि टस्कनीत पोहोचेपर्यंत द्राक्षांची तोडणी चालू असते. तुम्हीही तोच काळ धरा.

खिंड 2469 मीटर उंचीवर आहे. स्वित्झर्लंडच्या बाजूच्या शेवटच्या गावातून सकाळी निघालो, आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत धुके इतके दाट झाले की सुमनच्या पाठीवरच्या पिशवीचा लाल रंग तेवढा मला दिसत होता. तिथली धर्मशाळा अकराव्या शतकात बर्नार्ड नावाच्या धर्मोपदेशकाने स्थापन केली. हिवाळ्यात खिंडीचा रस्ता बंद होतो, पण धर्मगुरू तिथेच राहतात आणि येणाऱ्याला आसरा देतात. ओल्या कपड्यांनी आत शिरलो तेव्हा एका तरुण धर्मगुरूने आधी गरम चहाचे वाडगे हातात दिले आणि नावगाव नंतर विचारले. हा क्रम मला फार भावला, आणि पुढे इटलीभर तोच अनुभव येत गेला.

खाली आओस्ताच्या खोऱ्यात डोन्नास नावाचे गाव आहे. तिथे रोमनांनी डोंगराचा कडा तासून रस्ता काढला आणि त्याच कातळाची एक कमान जागीच राखली. रस्त्याच्या दगडात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. मी वाकून एका चाकोरीत हात घातला, तर तळाचा दगड काचेसारखा गुळगुळीत लागला. सिजेरिक याच खोऱ्यातून गेला. म्हणजे त्याच्या वेळीसुद्धा हा रस्ता हजार वर्षांचा जुना होता. मी तिथे बराच वेळ बसलो आणि सुमननेही मला उठवले नाही.

तुला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते उत्तर इटलीतील वेर्चेल्लीच्या भातशेतीविषयी. सुमनचे माहेर कर्जतकडचे, तिचे बालपण भाताच्या बांधांवर गेलेले. सपाटीवर उतरल्यावर क्षितिजापर्यंत पिवळी पडू लागलेली भाताची खाचरे पाहून ती वाटेतच उभी राहिली. या भागात शतकानुशतके भात होतो, आणि 1863 ते 1866 या काळात खोदलेल्या कावूर कालव्याने पो नदीचे पाणी आणून त्याला मोठा आधार दिला. तिने एक लोंबी हातात घेतली, दाणा नखाने सोलून दाताखाली धरला आणि म्हणाली, ‘अजून आठवडाभर तरी कापणी नको.’ खाचरातले पाणी नुकतेच काढून घेतलेले होते आणि चिखलाला बारीक भेगा पडू लागल्या होत्या. बांधावर एक म्हातारे शेतकरी उभे होते. भाषा कोणाचीच जुळत नव्हती, पण लावणी कशी करता असे तिने वाकून, हातांच्या हालचालींनी विचारले, आणि ते त्यांना तत्काळ कळले. आता बी यंत्राने सरळ शेतातच पेरतात असे त्यांनी खुणेने सांगितले. मग स्वतःच्या गुडघ्यापर्यंत हात नेऊन, कंबर वाकवून, आपली आई हे काम करीत असे हेही दाखवले. पूर्वी दूरदूरच्या प्रांतांतून हजारो बायका लावणीला आणि बेणणीला इथे येत, दिवसभर पाण्यात उभ्या राहून राबत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी संप करून आठ तासांचा कामाचा दिवस मिळवला. मी हे वाचलेले होते. सुमनला ते त्या माणसाच्या वाकलेल्या पाठीवरूनच समजले. वेर्चेल्लीची प्रार्थनामंदिरे तिने चटकन पाहिली, पण त्या बांधावरून तिचा पाय निघेना.

आता झेपते का, हा तुझा प्रश्न. चालणे झेपते, कठीण असते ते दोघांनी मिळून चालणे. माझे पाऊल लांब, तिचे आखूड. मला सकाळी वेग येतो, तिला दुपारनंतर. पहिल्या काही दिवसांतच आम्ही ठरवले की पुढे नेहमी तिने चालायचे आणि मी मागे, म्हणजे वेग आपोआप तिचाच राहील आणि मागे वळून कोणी कोणाची वाट पाहायला नको. दुपारच्या जेवणापर्यंत फारसे बोलायचे नाही, हेही ठरवले. चाळीस वर्षांच्या संसारात इतके तास एकमेकांच्या सहवासात आणि इतके कमी शब्द बोलून आम्ही कधीच राहिलो नव्हतो. तिच्या चालण्यावरून मला कळू लागले की उजवा गुडघा केव्हा धरतो आहे, तहान केव्हा लागली आहे, आणि मन कर्जतला केव्हा गेले आहे. तुम्ही दोघे निघालात तर वहिनींना पुढे चालू दे, एवढे एक आग्रहाने सांगतो.

पाविया सोडल्यावर पो नदी आडवी येते. सिजेरिकच्या यादीत नदी ओलांडण्याच्या या जागेचीही नोंद आहे, आणि आजही कोर्ते सांतांद्रेआच्या काठावरून यात्रेकरूंना होडीने पलीकडे नेतात. मात्र आधी कळवून ठेवावे लागते. पलीकडच्या काठावर आमची नावे एका जाडजूड वहीत लिहून घेतली आणि आमच्या यात्रापत्रावर, म्हणजे यात्रेकरूच्या ओळखपत्रावर, शिक्का मारला. पुढे फिदेन्झाच्या कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर यात्रेकरू कुटुंबे कोरलेली आहेत, एक गरीब आणि एक श्रीमंत. दोन्हींच्या पुढे वाट दाखवणारा देवदूत आहे. नवरा, बायको, पाठीवरचे ओझे, हातातली काठी, सारे काही तिथे आहे. एकट्या तपस्व्यांइतकीच घरसंसार करणारी माणसेही ही वाट चालत आली, याची त्याहून चांगली साक्ष मला कुठे मिळाली नाही.

चीझा खिंड, पोन्त्रेमोली, लुक्काचा तट यांविषयी प्रत्यक्ष भेटीत बोलू. आल्तोपाशोचा उल्लेख मात्र करतो. तिथे मध्ययुगात यात्रेकरूंचे मोठे रुग्णालय होते, भोवती दलदल आणि रान. अंधार पडू लागला की वाट चुकलेल्यांना दिशा कळावी म्हणून तिथली घंटा वाजवीत, आणि तिचे नावच ‘हरवलेली’ असे पडले. सिएनाला कॅथेड्रलच्या अगदी समोर सांता मारिया देल्ला स्काला हे तसेच जुने रुग्णालय आहे. आता ते संग्रहालय आहे. त्याच्या यात्रेकरूंच्या दालनात पंधराव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत, आणि त्यांत संतमहंतांइतकाच मान जखमी माणसाला, त्याची जखम धुणाऱ्याला आणि भाकरी वाटणाऱ्याला दिलेला आहे. सिएनाच्या इतर कलावैभवापेक्षा मला हेच दालन थोर वाटते.

त्या चित्रांचा खरा अर्थ मला काही दिवसांनी रादिकोफानी येथे कळला. हे गाव उंच टेकडीवर आहे आणि चढ दमवणारा आहे. तिथली धर्मशाळा स्वयंसेवक चालवतात. पैसे ठरलेले नाहीत, ज्याला जे जमेल ते त्याने पेटीत टाकावे. रात्रीच्या जेवणाआधी यात्रेकरूंचे पाय धुण्याची तिथे प्रथा आहे. आम्हाला बाकावर बसवले आणि पांढऱ्या केसांच्या एक बाई परात, कोमट पाण्याचा जग आणि टॉवेल घेऊन पुढे आल्या. सुमनने पाय मागे घेतले. ती मला हळूच म्हणाली, ‘अहो, त्या माझ्यापेक्षा मोठ्या आहेत, त्यांनी माझ्या पायाला हात लावायचा?’ तिची अडचण मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत शेजारच्या डच तरुणीला सांगितली आणि तिने ती इटालियनमध्ये सांगितली. बाई हसल्या नाहीत आणि आग्रहही केला नाही. परात समोर ठेवून गुडघ्यांवर तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने सुमनने आपणहून पाय पुढे केला. त्यांनी पाणी ओतले, प्रत्येक बोट वेगळे करून पुसले, अंगठ्याचे काळे पडलेले नख पाहून आत जाऊन मलम आणले आणि पट्टी बांधली. मग सुमन उठली आणि आपल्या रीतीप्रमाणे वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला. हे काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हते, तरी त्यांनी तिला दोन्ही हातांनी उठवून पोटाशी धरले.

श्रीकांत, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे. आमचा धर्म कोणता हे संपूर्ण वाटेवर कोणी अडवून विचारले नाही; कोणी कुतूहलाने विचारलेच तर आम्ही विठ्ठलाचे नाव सांगितले आणि त्यांनी ते आदराने ऐकून घेतले. प्रार्थनेला आम्ही मागच्या बाकावर बसत असू. गुडघे टेकले नाहीत, कारण ते खरे झाले नसते. पण हात जोडले, आणि ते पूर्ण मनाने जोडले.

शेवटच्या दिवशी मोंते मारिओ टेकडीवरून सेंट पीटरचा घुमट दिसतो. या टेकडीला जुन्या यात्रेकरूंनी आनंदाचा डोंगर असे नाव दिले होते, आणि आम्हीही तिथे एकमेकांचा हात धरून उभे राहिलो. निदान शेवटचे 100 किलोमीटर पायी केल्याचे शिक्के दाखवले की रोममध्ये लॅटिन भाषेतील प्रमाणपत्र मिळते. ते घेतले. पण कोणी विचारले तर सुमन ते बाजूला ठेवते आणि शिक्क्यांनी भरलेले यात्रापत्र दाखवते.

वहिनींच्या खाण्याची काळजी नको. टस्कनीत पाव, घेवडा आणि पालेभाजी घालून केलेले रिबोल्लिता नावाचे दाट सूप जवळजवळ सगळीकडे मिळते. फक्त त्यात मांसाचे पाणी नाही ना, हे विचारून घ्यावे. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या भागाहून जास्त नको. उतारासाठी प्रत्येकी दोन काठ्या घ्या, आणि बूट निघण्याच्या दोन महिने आधीपासून रोज वापरा. गुडघ्यांची शंका असेल तर पहिल्यांदा लुक्कापासून रोमपर्यंतच चाला; त्यात सिएना आणि रादिकोफानी दोन्ही येतात. यात्रापत्र आधी मागवावे लागते आणि व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामांची यादी जोडावी लागते. आमची यादी मी स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवली आहे. वहिनींशी बोलून घे आणि तुमचे ठरले की कळव, म्हणजे ती घेऊन मी स्वतःच साताऱ्याला येतो.

सुमनचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझा,
वसंत