गोळीचं नाव कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की बेळगाव-खानापूर भागात ताप, जुलाब आणि अंगदुखीच्या गोळ्यांचा खप वाढतो. त्यामागोमाग त्वचारोगाच्या ओपीडीत एक ठरलेली तक्रार येते. परिचारिका म्हणून ती मी नोकरीभर ऐकली : "सिस्टर, मागच्या खेपेला उठलं होतं, तिथंच परत उठलंय बघा." ओठाच्या कडेला, पंजावर, मांडीवर रुपयाएवढा गोल, जांभळट चट्टा. आग होते, कधी मध्ये फोड येतो, मग खपली धरते आणि काळा डाग मागे राहतो. पुढच्या आजारपणात नेमका तोच डाग पुन्हा लाल होऊन फुलतो. कुणी म्हणतं उष्णता झाली, कुणी म्हणतं अंगावरून पाल गेली, कुणी थेट बाहेरचं काहीतरी बघायला जातं. बहुतेक वेळा कारण खिशातल्या गोळीत असतं.

त्वचारोगशास्त्रात हा विकार जुना आहे. त्याला 'फिक्स्ड ड्रग इरप्शन' म्हणतात, म्हणजे औषधाने ठरलेल्या जागी उठणारा डाग. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ ब्रोक यांनी १८९४ मध्येच त्याच्या नावात 'स्थिर' हे विशेषण घातलं, कारण डाग जागा सोडत नाही. आपल्याकडे जुलाबावर सर्रास दिली जाणारी ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी, कोट्रायमॉक्सॅझोल, डॉक्सीसायक्लिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, क्वचित साधं पॅरासिटामॉलसुद्धा, यांपैकी काहीही एखाद्याला असं बाधू शकतं. पहिल्या वेळी डाग उठायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. नंतर मात्र गोळी पोटात गेल्यापासून अर्ध्या तासात ते आठेक तासांत जागा चुरचुरायला लागते.

गोळी पोटात जाते, रक्तातून सगळ्या अंगभर फिरते, मग डाग त्याच एका ठिकाणी का? याचं चांगलं उत्तर गेल्या वीसेक वर्षांत मिळालं आहे, पण ते रुग्णांपर्यंत फारसं पोचलेलं नाही. म्हणूनच हे पत्र.

संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी रक्तातून गस्त घालतात, एवढं शाळेत शिकवलं जातं. बॉस्टनचे त्वचारोग-संशोधक रेचल क्लार्क, थॉमस कपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की प्रौढ माणसाच्या निरोगी त्वचेतच सुमारे २ हजार कोटी टी-पेशी असतात. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून असतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. यांतल्या अनेक पेशी रक्तात परत जातच नाहीत. एखाद्या जागी पूर्वी काही घडलं, त्याची आठवण घेऊन त्या घरजावयासारख्या तिथेच राहतात. बाहेर पडण्याचा मार्ग ज्या संवेदकामुळे सापडतो, तो सीडी६९ नावाचं प्रथिन दाबून टाकतं. सीडी१०३ हे दुसरं प्रथिन त्यांना त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींशी जखडून ठेवतं. आजूबाजूच्या पेशींकडून मिळणाऱ्या आयएल-१५ सारख्या संकेतांवर आणि त्वचेतल्याच स्निग्धांशावर त्या वर्षानुवर्षं तग धरतात.

या पेशी मुळात आपल्या भल्यासाठीच आहेत. मेलबर्नच्या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवलं, की नागीण कुळातल्या विषाणूचा संसर्ग जिथे होऊन गेला, तिथली त्वचा पुढच्या हल्ल्याला अधिक नेटाने तोंड देते. माणसांतला पुरावा तर आणखी बोलका आहे. रक्तात पसरलेल्या एका प्रकारच्या त्वचेच्या कर्करोगात रुग्णांना अलेमटुझुमॅब हे औषध दिलं. त्याने रक्तातल्या टी-पेशी जवळजवळ साफ झाल्या, तरी त्वचेतल्या निवासी पेशी शाबूत राहिल्या आणि रुग्णांना संसर्गांनी गाठलं नाही. आपल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण असतो. ती लस सुईने खोल न टोचता कातडीवर ओरखडे काढून देत. कपर यांच्याच गटाने उंदरांवर पडताळून पाहिलं, तेव्हा त्या ओरखड्यांनी त्वचेत अशा पेशींचा भक्कम पहारा बसतो असं आढळलं.

औषधाच्या डागात हाच पहारा उलटतो. डाग बरा झाला असं आपण म्हणतो तेव्हाही त्या वर्तुळाच्या वरच्या थरात टी-पेशी टपून असतात. तेच औषध पुन्हा आलं की इंटरफेरॉन-गॅमा आणि इतर मारक द्रव्यं सोडून त्या भोवतालच्या आपल्याच पेशी मारतात. रंगद्रव्य खालच्या थरात सांडतं, म्हणून डाग दर वेळी अधिक काळा होतो. संशयित औषधाचं मलम पाठीच्या चांगल्या कातडीवर लावलं तर बऱ्याचदा काही होत नाही, आणि जुन्या डागावर लावलं तर तो लाल होतो. आठवण कुठे राहते, याचा याहून सरळ पुरावा मला ठाऊक नाही. (ही चाचणी डॉक्टरांनी करायची असते, घरी नव्हे.)

आता मुद्द्याचं. हा डाग ओठाखालोखाल पुरुषांच्या गुप्तांगावर फार येतो. वर्तमानपत्रात हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. खानापूरकडचं एक जोडपं मला आठवतं. नवरा गोव्यात कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी चोर्ला घाटाच्या वाटेने घरी येणारा. जखम उठली तशी सासरी-माहेरी सगळ्यांनी मनाशी निकाल लावून टाकलेला. ती दोघं बाकाच्या दोन टोकांना बसली होती. मधल्या जागेत पिशवी. डॉक्टरांनी विचारलं, आधी असं झालं होतं का? झालं होतं, तिथंच. त्याच्या आदल्या दिवशी गोळी घेतली होती का? घेतली होती, जुलाबाची. कुठली? "पांढरी होती. लांबट." खिशातून त्याने पट्टीचा तुकडा काढला. दोन गोळ्या शिल्लक होत्या आणि मागचा कागद कोरा, कारण छापील नावाचा भाग दुकानदाराने कात्रीने कापून स्वतःकडे ठेवला होता.

गुप्तरोगाच्या रक्तचाचण्या केल्या, त्या निर्दोष आल्या. पण "आमक्या गोळीने हे झालं" असं ठामपणे त्या बाईला सांगता आलं असतं तर जो फरक पडला असता, तो "औषधाने झालं असावं" ने पडत नाही. तिने मला बाहेर गाठून विचारलं, "असावं म्हणजे काय हो, सिस्टर?"

हा कात्रीचा प्रकार आपल्याकडे गल्लोगल्ली चालतो. दहाची पट्टी, गिऱ्हाइकाला चार हव्यात. नाव आणि मुदतीची तारीख बहुधा एका टोकाला, ते टोक दुकानात राहतं, कारण उरलेल्या गोळ्या विकायच्या असतात. दुकानदाराची अडचण मला कळते. पण चार गोळ्या ज्या कागदी पाकिटात घालून देता, त्यावर औषधाचं नाव लिहायला किती शाई लागते? प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहेच, तो किती पाळला जातो हे मी वेगळं सांगायला नको.

सीमाभागात याचा त्रास जास्त आहे. चंदगडचा माणूस दवाखान्याला बेळगावात येतो, निपाणीचा कधी कोल्हापूर गाठतो, खानापूरचा पोरगा आजारी पडतो गोव्यात. तीन राज्यांतल्या तीन डॉक्टरांचे कागद एका पिशवीत कधी येत नाहीत. सरकारी केसपेपरवरचं कन्नड पुष्कळ मराठी बायकांना वाचता येत नाही, बिलावरचं इंग्रजी तर कुणालाच लागत नाही. भाषेच्या वादात मला शिरायचं नाही, तो आपल्या अंकात रोज असतो. औषधाचं नाव कुठल्याही लिपीत चालेल, पण असू दे. कारण ते नाव कळलं तरच ते औषध आणि त्याची भावंडं कायमची टाळता येतात. नाही कळलं तर दर खेपेला डागांची संख्या वाढू शकते, आणि कधी कधी अंगभर फोड येऊन माणूस भरती करावा लागतो.

तोवर घरच्यांनी एवढं करावं : गोळी घेण्याआधी पट्टीचा मोबाईलवर फोटो काढावा, नाव दिसेल असा. डाग उठला तर डॉक्टरांना तो दाखवावा. मात्र बीपीची, फिटची, टीबीची चालू औषधं मनानेच बंद करू नयेत.

जाता जाता आपल्या दैनिकाबद्दल. छोट्या जाहिरातींत "सोरायसिस, कोड मुळासकट बरे, गॅरंटी" असं छापून येतं. सोरायसिसच्या रुग्णाची वरून चांगली दिसणारी कातडी प्रयोगशाळेतल्या उंदरावर बसवली, तर तिच्यातल्याच टी-पेशींनी तिथे सोरायसिस उभा केला, हे २००४ मध्ये सिद्ध झालं आहे. चट्टा मावळला तरी आयएल-१७ हा दाह भडकवणारा संकेत सोडणाऱ्या पेशी त्या जागी दबा धरून राहतात. कोडातही उपचार थांबले की बऱ्याचदा त्याच जागी पांढरं फुटतं. आजची महागडी इंजेक्शनंसुद्धा या पेशींना गप्प बसवतात, हुसकून लावल्याची हमी देत नाहीत. जे मोठ्या इस्पितळांना जमलेलं नाही, ते या जाहिरातींतल्या बिनलेबलच्या पुडीने कसं जमतं? पुडीत स्टेरॉईड मिसळलेलं असलं तर आठ दिवसांत कातडी लख्ख होते, आणि पुडी अचानक बंद केली की सोरायसिस अंगभर पुवाच्या फोडांनी उसळू शकतो. शिवाय औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या यादीत कोडाचा समावेश आहे, हे आपल्या जाहिरात विभागाला माहीत असायला हवं.

औषध विक्रेत्यांच्या तालुका संघटनांनी पाकिटावर नाव लिहिण्याचं आपसांत ठरवावं, आणि जिल्ह्याच्या औषध नियंत्रण खात्याने दुकानं तपासताना कापलेल्या पट्ट्यांकडेही बघावं, एवढी विनंती आपल्यामार्फत करते. जाहिरातींचं आपल्याच हाती आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
टिळकवाडी, बेळगाव