पशुवैद्यांपासून लपवलेली बाटली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आजारी कुत्र्याला भांगेच्या झाडापासून काढलेले तेल द्यावे की देऊ नये, यावर बोलणारे बहुधा दोनच सूर लावतात. एकाला त्यात सगळ्या दुखण्यांवरचा उतारा दिसतो, तर दुसऱ्याला गांजाचे नाव निघताच पुढचे काही ऐकायचे नसते. मी स्वतः काही महिने हे तेल माझ्या कुत्र्याला दिले आहे. ते देण्यात माझी चूक झाली की नाही, हे मला अजूनही ठामपणे सांगता येणार नाही; पण ते पशुवैद्यांपासून लपवण्यात चूक नक्कीच झाली, आणि ती इतरांकडून होऊ नये म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बंड्या आता अकरा वर्षांचा आहे आणि त्याचे वजन बारा किलो आहे. चौथ्या वर्षापासून त्याला आकडी येते व त्यासाठी फिनोबार्बिटलची गोळी रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी चालू आहे. गेल्या वर्षी मागच्या पायांच्या सांध्यांची झीज वाढली. त्याच सुमारास मूत्रपिंडांचे काम मंदावल्याचे रक्ततपासणीत दिसल्यामुळे सूज व वेदना कमी करणारी नेहमीची औषधे देणे पशुवैद्यांना धोक्याचे वाटले. रात्री कूस बदलताना तो कण्हायचा आणि आम्ही दिवा लावून नुसते त्याच्याजवळ बसायचो. एकदा धीर करून मी या तेलाविषयी विचारले, तेव्हा "असल्या भानगडीत पडू नका" एवढेच उत्तर मिळाले. मी पुन्हा विचारले नाही. मात्र बाटली आणली.

या झाडात शंभराहून अधिक विशिष्ट संयुगे असतात. त्यांपैकी नशा आणणारे ते टीएचसी आणि नशा न आणणारे, औषध म्हणून ज्याची चर्चा होते ते कॅनाबिडिओल, म्हणजेच सीबीडी. १९६४ साली राफाएल मेखुलम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे शरीरातल्या पेशींवर अशा संयुगांना प्रतिसाद देणारे ग्राही (रिसेप्टर) असल्याचे उघड झाले आणि १९९२ मध्ये शरीर स्वतःच तयार करत असलेला तसा एक पदार्थ सापडला, त्याला संशोधकांनी आपल्या 'आनंद' या शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव दिले. हीच यंत्रणा कुत्र्यातही असते; किंबहुना तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत त्याच्याकडे हे ग्राही फार दाट असतात, आणि म्हणूनच माणसाला किरकोळ वाटणारे टीएचसी कुत्र्याला आडवे करते. असा कुत्रा झोकांड्या खातो, नकळत लघवी करतो, हात पुढे केला तरी दचकतो, त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि अंग थंड पडते. टीएचसी घातलेल्या खाऊत कुत्र्याला विषारी असलेले चॉकलेट किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असेल तर एका विषबाधेत दुसरीची भर पडते.

सीबीडीची बाटली म्हणजे टीएचसी नाही, असे मीही धरून चाललो होतो. २०१७ साली इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या सीबीडीच्या ८४ उत्पादनांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा लेबलावरचे प्रमाण जेमतेम ३१ टक्के उत्पादनांत खरे निघाले आणि १८ उत्पादनांत टीएचसी आढळले. ती उत्पादने माणसांसाठी होती, पण कुत्र्याचे चित्र छापल्याने बाटली अधिक प्रामाणिक होते असे मानायला मला कारण दिसत नाही. शिवाय याच झाडाच्या बियांचे तेल स्वयंपाकाच्या तेलासारखे निराळेच असते, त्यात सीबीडी जवळजवळ नसते, आणि तेही याच नावाच्या आडोशाने खपते.

मात्रेचा हिशेब तर मी फार उशिरा केला. माझ्या पहिल्या बाटलीत ३० मिलिलिटर तेलात ३०० मिलिग्रॅम सीबीडी होते आणि लेबलावर पाच थेंब द्या असे लिहिले होते. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरले, तर पाच थेंबांत अडीच मिलिग्रॅम होतात. कॉर्नेल विद्यापीठात सांधेदुखीच्या कुत्र्यांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र दर किलो वजनाला दोन मिलिग्रॅम, तेही दिवसातून दोनदा दिले होते. म्हणजे बंड्याला एका वेळी चोवीस मिलिग्रॅम. जवळजवळ एकदशांश मात्रेवर तो 'बराच मोकळा चालतो' असे मी घरभर सांगत होतो! पाहणाऱ्याच्या डोळ्यालाच गुण येतो तो असा, आणि म्हणूनच कोणाला काय दिले हे मालकापासूनही लपवून केलेल्या चाचणीला किंमत असते.

त्या चाचण्यांचे निकाल सांगायचे तर चित्र अर्धवट आशेचे आहे. कॉर्नेलच्या चाचणीत वेदना कमी झाल्याचे आणि हालचाल वाढल्याचे दिसले, पण ती पूर्ण करणारे कुत्रे सोळाच होते, आणि २०२१ मधल्या दुसऱ्या एका चाचणीत सांधेदुखीवर खऱ्या व सीबीडी नसलेल्या खोट्या तेलात फरक आढळला नाही. आकडीबाबत कोलोरॅडो राज्य विद्यापीठाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, नेहमीच्या औषधांसोबत सीबीडी घेणाऱ्या गटात झटक्यांच्या संख्येतली मध्यका (मीडियन) घट ३३ टक्के होती. परंतु झटके निम्म्यावर आलेल्या कुत्र्यांचे प्रमाण सीबीडी घेणाऱ्या आणि खोटे तेल घेणाऱ्या अशा दोन्ही गटांत सारखेच राहिले. माणसांतील काही दुर्मीळ, हट्टी आकड्यांसाठी शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे, तेव्हा हा सगळाच भोंदूपणा आहे असेही म्हणता येत नाही. कर्करोग बरा करण्याचे जे दावे विक्रेते करतात, त्यांना मात्र कुत्र्यांतील अशा चाचण्यांचा आधार नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. हिशेब कळल्यावर मी पाचपट कडक बाटली आणली आणि कोणालाही न विचारता चाचणीतली मात्रा सुरू केली. दोन महिन्यांनी नेहमीच्या रक्ततपासणीत यकृताशी निगडित अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) एकदम वाढलेले दिसले. फिनोबार्बिटलनेही ते वाढतेच, त्यामुळे पशुवैद्यांचा संशय साहजिकच त्या गोळीवर गेला. पोटाची सोनोग्राफी ठरली आणि गोळी हळूहळू कमी करून दुसरे औषध आणण्याचा विचार सुरू झाला. ज्या गोळीने सात वर्षे आकडी आवरली होती, ती माझ्या मौनापायी बदलली जाणार होती. वर उल्लेखिलेल्या चाचण्यांत सीबीडी घेणाऱ्या कुत्र्यांत हेच विकर वाढले होते, हे मला ठाऊक होते. शिवाय सीबीडी आणि फिनोबार्बिटल ही दोन्ही यकृतातल्या त्याच विकरांच्या वाटेने जातात, त्यामुळे एकाने दुसऱ्याचे रक्तातले प्रमाण बदलण्याची शक्यता असते. त्या संध्याकाळी मी बाटली नेऊन टेबलावर ठेवली. पशुवैद्य रागावले, आणि ते रास्तच होते. मग त्यांनी लेबल वाचले, रक्तातल्या फिनोबार्बिटलची पातळी तपासली, गोळी आहे तशीच ठेवून तेल सहा आठवडे बंद केले आणि पुन्हा रक्त पाहिले. त्या विकराचा आकडा बराच खाली आला होता.

पशुवैद्यवर्गाला एक विनंती करावीशी वाटते. "पडू नका" म्हटल्याने मालक थांबत नाही, तो फक्त सांगायचा थांबतो. कॅलिफोर्नियात पशुवैद्यांनी या विषयावर केवळ बोलल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई होऊ नये म्हणून २०१८ साली कायदा करावा लागला, यावरून ही कोंडी एकट्या माझ्या पशुवैद्यांची नव्हती हे कळते. तेल लिहून देणे कायद्यात बसत नसेल तेथे ते लिहून देऊ नये, पण औषधांची यादी घेताना "आणखी काही देता का, तेल, थेंब, पावडर?" हा प्रश्न न रागावता विचारायला कोणता कायदा आड येतो? आणि वृत्तपत्रांनी अशा तेलांच्या जाहिराती छापताना निदान मिलिग्रॅमचा आकडा आणि त्या खेपेचा प्रयोगशाळेचा दाखला मागावा, ही आपल्याकडे विनंती.

बंड्याला सध्या निम्म्या मात्रेत, जेवणासोबत तेल मिळते, कारण स्निग्ध अन्नाबरोबर ते अधिक शोषले जाते. त्याचा उपयोग किती होतो हे पाहण्यासाठी मी रोज तो किती वेळा स्वतःहून उठला याची वहीत नोंद ठेवतो. काही आठवडे बरे जातात, काही नाही. औषधांच्या कागदावर फिनोबार्बिटलच्या खाली आता त्या तेलाचे नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहिलेली आहे, आणि ते अक्षर पशुवैद्यांचे आहे.

आपला,
एक वाचक