ऑपरेशननंतरच्या वर्षांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

जन्मतः डोळ्यांत व्यंग असलेल्या बाळांसाठी आमचे मंडळ निधी जमवते. ऑपरेशन म्हटले की लोक सढळ हाताने देतात. नंतरच्या चष्म्यासाठी, पट्ट्यांसाठी, दवाखान्याच्या खेपांसाठी मागायला गेलो की मात्र ‘ऑपरेशन झालं ना आता?’ असे ऐकू येते. यंदा आम्ही मागतो आहोत ते या नंतरच्या खर्चासाठीच.

जन्मजात मोतीबिंदूचेच बघा. एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया साधारण ६ आठवड्यांच्या आत, दोन्ही डोळ्यांत असेल तर ८ आठवड्यांच्या आसपास व्हायला हवी. मेंदू याच दिवसांत बघायला शिकतो. इतक्या लहान बाळाला बहुधा कृत्रिम भिंग लगेच बसवत नाहीत. मग जाड काचांचा चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स, आणि डोळा वाढेल तसा बदलणारा नंबर. एकाच डोळ्याचा मोतीबिंदू असेल तर धडधाकट डोळा रोज काही तास पट्टीने झाकायचा, म्हणजे ऑपरेशन झालेला डोळा बघायला शिकतो. मूल रडते, पट्टी ओरबाडून काढते, आई पुन्हा लावते. हे काही वर्षे चालते. त्यात खंड पडला तर तो डोळा आळशी होतो आणि उत्तम झालेली शस्त्रक्रियाही वाया जाते. पुढे काचबिंदूची भीती असतेच, त्यामुळे तपासण्या सुटत नाहीत.

दुर्मिळ विकारांत निदानापासूनच खर्च. तान्हे बाळ यंत्रावर हनुवटी टेकवून थोडेच बसणार! बऱ्याचदा भूल देऊनच डोळ्याचा दाब आणि बुबुळाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, रुंदी मोजावी लागते. पीटर्स विकारात बुबुळाच्या मधोमध जन्मतःच फूल, म्हणजे पांढरट डाग, असते. काही बाळांत नेत्ररोपण, म्हणजे बुबुळाचे रोपण, करावे लागते. अॅनिरिडियात बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जवळजवळ नसतोच, आणि अशा काही मुलांना मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरचा धोका असल्याने पोटाची सोनोग्राफीही वरचेवर करावी लागते. डोळाच वाढला नसेल तर खोबणीत टप्प्याटप्प्याने मोठे साचे बसवतात, म्हणजे चेहऱ्याचे हाड खुरटत नाही. (त्याने दिसू लागत नाही, हे पालकांना आम्ही आधीच सांगतो.)

तेव्हा एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा थोडी, पण न चुकता द्या. जुने चष्मे नकोत, प्रत्येक बाळाचा नंबर वेगळा. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी महिन्यातून एक खेप केली तरी एका कुटुंबाचा मोठा भार हलका होतो. बाळांचे ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे फोटो आम्ही देणगीदारांना पाठवत नाही. खर्चाच्या पावत्या मात्र मंडळाच्या कार्यालयात कधीही पाहायला मिळतील.

आणि पैसे देणे जमणार नसेल तर एवढे करा. कुणाच्या तान्ह्या बाळाची बाहुली पांढरी दिसली, किंवा कौतुकाचे टपोरे डोळे उजेडात मिटत असतील, सतत पाणावत असतील, तर ‘मोठं झालं की जाईल’ म्हणू नका. पांढऱ्या बाहुलीमागे डोळ्याचा कर्करोगही असू शकतो. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा. सोबत कुणी हवे असेल तर आमचे कार्यकर्ते येतील.